खर्ज लागेपर्यंत

माझं काम काय हे लोकांना पटकन कळत नाही. कुणी विचारलंच तर मी सांगते की मी न दिसणारा वायू बघते. मग समोरचा एकतर हसतो, नाहीतर हिला भुतंखेतं दिसतात असं समजून विषय बदलतो. खरं तर गोष्ट साधी आहे. जमिनीखालच्या मोठ्या नळांतून जो गॅस शहरांकडे आणि वीजघरांकडे जातो त्याला रंग नसतो, आणि शहराच्या वेशीवर मुद्दाम वास घालेपर्यंत वासही नसतो. माझ्या कॅमेऱ्यात मात्र तो दिसतो. पडद्यावर काळपट लोट वळवळत वर जात असतो, आणि मान वर करून बघावं तर समोर नुसतं स्वच्छ ऊन. इतकी वर्षं झाली तरी मला याची गंमत वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी नोकरी सोडीन.

हा गॅस जाळला तर त्याचा धूर हवा तापवतोच. पण न जळता निसटला तर त्या धुराच्या कितीतरी पट जास्त तापवतो. त्यामुळे जगभरच्या सरकारांनी एकत्र बसून हवेचे नवे, कडक आकडे ठरवले तेव्हा ते वरून खाली झिरपत झिरपत आमच्या कंपनीपर्यंत आले, आणि प्रत्येक केंद्राला गळतीची मर्यादा ठरवून मिळाली. ठरवायचं मोठ्यांनी, नट आवळायचे आम्ही. माझी तक्रार नाही. कुणीतरी आवळायलाच हवेत.

तर या वर्षी मला ज्या केंद्रावर पाठवलं ते माझ्या बाबांचं केंद्र निघालं. लांबून आलेल्या गॅसचा दाब कमी होतो, तो वाढवून पुढे ढकलायचं काम तिथली अवजड यंत्रं करतात. बाबा तिथे पाळीप्रमुख. निवृत्तीला दोनएक वर्षं राहिलेली. मी माझ्या साहेबांना म्हटलं, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसऱ्या कुणाला पाठवा." ते म्हणाले, "दुसरा कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. आणि तुझे वडील काय गॅस खिशात घालून घरी नेतात?" मी कॅमेरा उचलला आणि निघाले.

केंद्राच्या प्रमुख मॅडमनी मला खोलीत बसवलं, चहा मागवला आणि चहा यायच्या आतच कळ दाबल्यासारखं बोलायला सुरुवात केली. कुंपणावर एक मापक बसवलेलं होतं, ते केंद्रातून एकूण किती गॅस निसटतो ते सांगायचं. तीन वर्षं यांनी सापडेल तो जोड बदलला होता, सापडेल ते झाकण आवळलं होतं.

"आणि आकडा?" मी विचारलं.

"वर. दर वर्षी थोडा वर. आम्ही भोकं बुजवतोय आणि आकडा वाढतोय. या वेळी मर्यादेत आला नाही तर केंद्राला कुलूप. तुम्हीच सांगा, गॅस जातो कुठे?"

अशा प्रश्नावर मला भूक लागल्यासारखं होतं. दोन दिवस मी कॅमेरा गळ्यात अडकवून यार्डभर फिरले. नळांचे जोड, झाकणं, यंत्रांच्या पोटाखालच्या फटी, सगळं पाहिलं. बाबांच्या पाळीतला एक उंच ऑपरेटर, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, तो माझ्याबरोबर होता. माणूस प्रामाणिक. "इथे थोडं पाझरतं बघा, ताई," असं म्हणून आपणहून दाखवायचा. पण सगळं मिळून जी गळती भरली ती कुंपणावरच्या आकड्याच्या निम्मीही नव्हती. उरलेली कुठून जात होती? गॅसला काय पाय फुटतात?

तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडे आकड्याऐवजी आलेख मागितला, तासातासाचा. त्या म्हणाल्या, वरच्या कार्यालयात महिन्याची सरासरी जाते, आलेख कुणी मागत नाही. मागितल्यावर मिळाला. बघते तर काय, दिवसभर रेषा सपाट आणि दिवसातून तीन वेळा एक टेकाड. तिन्ही टेकाडं पाळी बदलायच्या वेळेला.

आता पाळी बदलायच्या वेळेला मी कुठे असते? कँटीनमध्ये. माझ्यासारखे सगळे बाहेरचे त्या वेळी कँटीनमध्येच असतात, कारण यार्डात काम करायचा परवाना पाळीबरोबर संपतो. नव्या पाळीच्या माणसाने त्यावर सही करेपर्यंत आम्हाला आत पाऊल टाकता येत नाही. हा नियम सुरक्षेसाठी आहे आणि चांगलाच आहे. पण याचा अर्थ असा झाला की आजवर एकाही पाहणीत, एकाही कॅमेऱ्याने, या केंद्राची पाळी बदलताना पाहिलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. स्वतःवरच चिडले मी.

दुपारची पाळी बदलायच्या आधी मी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर गेले आणि मोरीच्या कठड्यावर बसून कॅमेरा यार्डाकडे रोखला. यार्डाच्या टोकाला एक उंच नळकांडं आहे. आग लागली तर केंद्रातला सगळा गॅस त्यातून आकाशात सोडून द्यायचा, म्हणजे जळायला काही उरत नाही. त्याच्या पायथ्याशी एक मोठा व्हॉल्व्ह असतो. भोंगा झाला आणि बाबा चालत त्या व्हॉल्व्हपाशी आले. पाठोपाठ नव्या पाळीचा माणूस आला. बाबांनी चाक फिरवलं.

आधी एक बारीक शीळ आली. लांबून, यंत्रांच्या घरघरीतूनही मला ती स्पष्ट ऐकू आली. पडद्यावर नळकांड्याच्या तोंडाशी काळा झुपका उमटला. मला वाटलं, आता बंद करतील. बाबा चाक फिरवतच राहिले. झुपक्याचा लोट झाला, लोटाचा डोंगर झाला, आणि शेवटी एक जाड, खोल आवाज लागला, छातीत जाणवणारा. तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली आणि चाक उलटं फिरवलं. मी कॅमेरा खाली घेतला. आकाश निळंशार होतं आणि एक पक्षी त्या डोंगरातून आरपार उडत गेला.

शोधत होते ती गळती सापडली आणि तिच्या चाकावर माझ्याच बापाचा हात.

लंबूला मी कँटीनमध्ये गाठलं. "मला हे का नाही सांगितलंस?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "कशाबद्दल ताई? ती सलामी आहे."

"दिवसातून तीनदा एवढा गॅस सोडता आणि म्हणे सलामी!"

"तुम्ही गळती विचारलीत, आम्ही गळती दाखवली. सलामी ही गळती कुठे? आम्ही मुद्दाम सोडतो ती. व्हॉल्व्ह जिवंत आहे की नाही ते बघायला. तात्यांनी घालून दिलेली पद्धत आहे."

तात्या म्हणजे माझे बाबा. ही पद्धत त्यांनी का घालून दिली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, याच केंद्रावर होते. एकदा यंत्रघरात आग लागली. काकांनी तो मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि वरून काहीच गेलं नाही. कारण त्याच्या आधीच्या नळावर दुरुस्तीच्या वेळी बंद करायचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो कुणीतरी दुरुस्तीनंतर उघडायचा विसरला होता. कोण विसरलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळा गॅस केंद्रातच राहिला आणि जळला. काका बाहेर आले नाहीत. तेव्हा मी शाळेत होते.

"पण लंबू, शीळ आली तिथेच कळतं ना, वाट मोकळी आहे म्हणून? शितावरून भाताची परीक्षा. मग पुढे एवढा वेळ कशाला?"

"शीळ आली की कळतंच," तो म्हणाला. "पण तात्या म्हणतात, खर्ज लागल्याशिवाय खरं नाही. म्हणून आम्ही सगळे खर्ज लागेपर्यंत उघडतो."

हे मला चमत्कारिक वाटलं. कारण मी लहान असताना बाबा घरी आले की दारातच ओठांचा चंबू करून बारीक शीळ घालायचे. आज व्हॉल्व्ह बोलला, असं आईला सांगायची ती खूण होती. खर्जाचं नाव तेव्हा नव्हतं. शिळेचा खर्ज कधी झाला?

संध्याकाळी घरी जेवताना मी विषय काढला. काढायला नको होता, पण पोटात काही ठेवणं मला जमत नाही. दिवाणखान्यात टीव्ही नेहमीसारखा कान किटवत होता. मी उठून तो बंद केला आणि सांगितलं, "बाबा, तुमचा आकडा सलामीमुळे वाढतोय."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मग?"

"पुस्तकात वर्षातून एकदा तपासा म्हटलंय."

"पुस्तकाचा भाऊ नव्हता गेला," बाबा म्हणाले.

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी तरी थांबले नाही. म्हटलं, आधीचा छोटा व्हॉल्व्ह बंद करून मोठा हलवून बघता येईल, मधल्या नळापुरताच गॅस जाईल. सगळीकडे असंच करतात. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बोलता बोलता मला कळलं मी काय बोलते आहे. तोच छोटा व्हॉल्व्ह. तोच बंद राहिला होता. दिवसातून तीनदा तो बंद करायचा आणि तीनदा आठवणीने उघडायचा, असा सल्ला मी कुणाला देत होते? लाज वाटली मला.

"अख्खी वाट मोकळी आहे हे कळायलाच हवं," बाबा शांतपणे म्हणाले. "टोकापासून टोकापर्यंत."

"कबूल. पण पूर्वी तुम्ही शिळेवर थांबायचात. आठवतंय मला, घरी येऊन घालून दाखवायचात. आता खर्जापर्यंत का?"

"शीळ कुठे येते हल्ली!" बाबा म्हणाले. "जुनं यंत्र आहे. सहा-सात वर्षांपूर्वी शीळ बारीक व्हायला लागली, मग गेलीच. म्हातारा झाला तो व्हॉल्व्ह. दर वर्षी जरा जास्त उघडावा लागतो, तेव्हा बोलतो. म्हणून तर सलामी बंद करायची हिंमत होत नाही."

त्याच वेळी कपाटावर ठेवलेल्या माझ्या कॅमेऱ्याच्या चार्जरने बॅटरी भरल्याची बारीक टीं टीं केली. मी मान वळवली. आईने मान वळवली. बाबा भाताला कालवण लावत होते.

ते वाजतच राहिलं. बाबांनी मान वर केली ती आमचं जेवण का थांबलं ते बघायला. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पटकन नजर ताटात वळवली. मी उठून चार्जर काढला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कोडं तर सुटलं होतं. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जायला लागले की आधी बारीक आवाज जातात, जाड आवाज मागे राहतात. व्हॉल्व्ह होता तसाच होता. बाबांचा कान दर वर्षी थोडा जात होता, म्हणून दर वर्षी चाक थोडं जास्त फिरत होतं, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या, धडधाकट कानांच्या तिन्ही पाळ्या त्यांच्याच मापाने फिरवत होत्या. मॅडमचा चढता आलेख हा माझ्या बापाच्या बहिरेपणाचा आलेख होता. एरवी असं काही सापडलं की मी खूश होते. या वेळी वाटलं, सापडलं नसतं तर बरं. ज्याला धोक्याचा भोंगा आणि बारीक शीळ ऐकू येत नाही त्याला यार्डात पाऊल टाकू देत नाहीत. बाबांना टेबलापाशी बसवतील, किंवा घरी. आणि त्या व्हॉल्व्हपाशी ते पुन्हा कधी जाऊ शकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खास परवान्याने मी पाळी बदलताना यार्डात राहिले. बाबांच्या हातात कॅमेरा दिला आणि म्हटलं, "आज चाक लंबूला फिरवू दे. तुम्ही यात बघा."

कुरकुरत का होईना, त्यांनी डोळा लावला. लंबूने चाक जरासं फिरवलं. शीळ आली, सुईसारखी. बाबांच्या पडद्यावर काळा झुपका उमटला.

"अरे!" बाबा म्हणाले. लहान मुलासारखा आवाज होता तो. "निघाला! एवढ्यात निघाला?" त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढून रिकामं आकाश पाहिलं, परत डोळा लावला, परत आकाश पाहिलं. एवढी वर्षं ज्याच्याशी संसार केला तो गॅस त्यांनी पहिल्यांदा बघितला होता.

"थांब, लंबू," मी म्हटलं. "बाबा, एवढं दिसलं म्हणजे वाट मोकळी आहे, हो ना?"

"आहेच की. टोकापर्यंत गेलाय." मग ते थबकले. "पण हा अजून बोलला कुठे?"

लंबू माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "खरं ते सांग."

"शीळ आली ना, तात्या," तो चाचरत म्हणाला. "आत्ताही येतेय."

"आत्ता? कधीपासून येतेय?"

"ती कधी गेलीच नव्हती."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, शिळेवर विसंबायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला त्यात आमच्यापेक्षा जास्त काही कळतं."

लंबूने चाक बंद केलं. बाबा नळकांड्याच्या तोंडाकडे कॅमेरा धरून, शेवटचा झुपका विरेपर्यंत उभे राहिले. मग मला म्हणाले, "त्या दिवशी यातून बघितलं असतं, तर वर काहीच दिसलं नसतं ना?"

"नाही बाबा. काहीच नाही."

त्यांनी मान हलवली आणि कॅमेरा माझ्या गळ्यात परत अडकवला.

मॅडमच्या खोलीत जाताना माझं ठरलं होतं. अहवालात लिहायचं की सलामी गरजेपेक्षा लांबते आहे, यापुढे शीळ येईपर्यंतच उघडावी आणि शंका असेल तर कॅमेऱ्याने खात्री करावी. सगळं खरं. फक्त का लांबली ते लिहायचं नाही. कुणाचं काय बिघडणार होतं? मी तसं सांगायला लागले आणि मॅडमचा चेहरा उजळला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "कारण पण लिही."

"बाबा, कारणाची गरज नाही."

"आहे. नुसतं कमी करा म्हणून लिहिलंस तर पोरं चार दिवस कमी करतील. पाचव्या दिवशी कुणाला तरी वाटेल, तात्या उगीच का खर्जापर्यंत उघडायचे? काहीतरी असेल. की परत चाक फिरलं जास्त. त्यांना कळू दे की व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. बिघडले होते ते माझे कान."

मॅडम हळूच म्हणाल्या, "तात्या, असं लिहिलं तर मला तुमची तपासणी करावी लागेल. आणि मग यार्ड..."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "फक्त जरा मोठ्याने बोला."

मी लिहिलं. आयुष्यात एवढं जड असं काही लिहिलं नव्हतं, आणि होती फक्त दोन वाक्यं. पुढे कुंपणावरचा आकडा मर्यादेच्या खूप आत आला आणि वरच्या कार्यालयातून मला शाबासकी आली, तीही मला गोड लागली नाही.

तपासणीचा निकाल लागला त्या दिवशी मी बाबांबरोबरच घरी गेले. आई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी उभ्याउभ्याच सांगितलं, उद्यापासून यार्डात जायचं नाही. आई म्हणाली, "बरं," आणि टॉवेलाची घडी पूर्ण केली.

"तुला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"एका घरात राहते मी तुमच्या."

बाबा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळी मी निघताना तू दारातून काहीतरी म्हणतेस. मी रोज हो म्हणतो. काय म्हणतेस गं?"

आईला हसू आलं. "पूर्वी म्हणायचे काहीबाही. हल्ली नुसते ओठ हलवते. तुम्ही हो म्हणता का ते बघायला."

मी खो खो हसले. बाबाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आमच्या लक्षात आलं की आई हसायची थांबली आहे.

"मग सांगितलं का नाहीस मला?" बाबांनी विचारलं.

"कोणत्या तोंडाने सांगणार होते?" आई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "भावजी गेले तेव्हापासून तुम्ही त्या व्हॉल्व्हला कान लावून जगलात. तोच कान गेला, हे मी सांगायचं?"

बाबांनी खुर्ची ओढली, आईच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. घड्यांचा ढीग उचलून बाजूला ठेवला.

"आता म्हण," ते म्हणाले. "आवाज नको. नुसते ओठ. बघू, कळतं का मला."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, लाजली, आणि ओठ हलवले. बाबा पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून बघत राहिले.

"नाही कळलं," ते म्हणाले. "पुन्हा."